अजिंठ्याचीं चित्रित छतें आणि अदृश्य किरणांची परीक्षा

अजिंठ्यास जाणारा प्रवासी बहुधा भिंती पाहून परत येतो. हातीं कमळ घेतलेला पद्मपाणि, जातककथांतील राजे व राण्या, वनांतील आणि राजसभांतील प्रसंग हें सर्व उभ्या भिंतीवर डोळ्यांसमोर असतें. छत पाहावयाचें तर मान मागें टाकावी लागते, आणि लेण्यांतील अंधुक उजेडांत तें फार वेळ साधत नाहीं. वस्तुतः पहिल्या, दुसऱ्या व सतराव्या लेण्यांचीं छतें हें भारतीय अलंकरणकलेचें एक मोठें भांडार होय. चौकटी पाडून त्यांत कमळें, फळें, हंस, हत्ती, वेली आणि ठेंगणे गण अशा नाना आकृति भरल्या आहेत. दुसऱ्या लेण्यांत तर छतावर एकांत एक वर्तुळें काढून त्यांभोंवतीं हंसांची माळ फिरविली आहे. पाहणाऱ्यास डोक्यावर डोंगर आहे याचा विसर पडतो, आणि कोणी उंची वस्त्राचा चांदवा ताणून बांधला आहे असा भास होतो.

हा चांदवा मात्र वस्त्राचा नसून मातीचा आहे. सुमारें पंधराशें वर्षांपूर्वी कारागिरांनीं खडकावर मातीचा गिलावा थापला आणि तो वाळल्यावर त्यावर चित्रें रंगविलीं. भिंतीवरील गिलावा खडकापासून सुटला तरी खालच्या भागाच्या आधारानें कांहीं काळ उभा राहूं शकतो. छताच्या गिलाव्यास असा आधार नाहीं. तो केवळ खडकाला धरून असतो, आणि ती पकड गेली कीं त्याची जागा जमिनीवर. खालीं पडलेल्या चित्राचा चुरा पुन्हां जोडतां येत नाहीं. म्हणून अशा छतास हात न लावतां त्याच्या आंतील स्थिति कशी ओळखावी हा प्रश्न विद्वानांच्या कुतूहलापुरता नाहीं. एका अमोल ठेव्याच्या जगण्यामरण्याचा तो प्रश्न आहे.

या छतांशीं वऱ्हाडचा संबंध निकटचा आहे. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म येथें होती. वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम, जें इ. स. १९०५ पासून १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांत मोडत असे. या शाखेचा राजा हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता. त्याचा अमात्य वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, व तसा लेख त्या लेण्याच्या भिंतीवर आहे. सतरावें लेणें हरिषेणाच्या एका मांडलिकानें करविलें. वाशीम येथें सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इ. स. १९३९ च्या सुमारास प्रसिद्धीस आला, आणि वत्सगुल्म शाखेच्या इतिहासावर नवा प्रकाश पडला. हे लेख वाचून त्यांची संगति लावण्याचें मोठें कार्य महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं केलें. तेच मिराशी अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. सारांश, अजिंठ्याचीं हीं छतें ज्या राज्यांत रंगलीं त्याचें सिंहासन वऱ्हाडांत होतें, आणि त्या राज्याचा इतिहास उकलणाऱ्या विद्वानाचें कार्यक्षेत्रही कांहीं काळ वऱ्हाडच होतें.

या छतांची घडण समजल्याशिवाय त्यांचा रोग समजावयाचा नाहीं. कारागिरांनीं खडक गुळगुळीत केला नाहीं. छिन्नीचे घाव तसेच ठेवले, म्हणजे गिलाव्यास धरावयास जागा मिळे. पहिला थर जाडाभरडा असे. मातींत खडकाची कच, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले असत. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, आणि सर्वांवर अंड्याच्या कवचासारखा पातळ असा पांढरा लेप. हा लेप सुकल्यावर तांबडी व पिवळी काव, हिरवी माती, काजळ आणि परदेशांतून येणारा राजावर्त मण्याचा निळा रंग हे डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट द्रव्यांत कालवून चित्रकार चित्र काढीत. ओल्या चुन्यावर रंग भरून तो त्यांतच मुरविण्याची जी युरोपीय पद्धति, ती ही नव्हे. येथें रंग वर बसलेला आहे, मुरलेला नाहीं. पाण्याचा बोळा फिरविला तरी तो निघून येण्याचें भय असतें.

अशा नाजूक रचनेस शत्रु पुष्कळ. पावसाळ्यांत डोंगरांतील चिरांतून पाणी झिरपतें, माती फुगते, उन्हाळ्यांत आकसते, आणि खडक व गिलावा यांत हळूहळू फट पडते. मातींतील तूस व धागे कीटकांस खाद्य होतात. त्यांनीं आंतून पोखरलेला गिलावा बाहेरून मात्र अखंड दिसतो. शेंकडों वर्षें ओस पडलेल्या लेण्यांत वटवाघळांनीं वस्ती केली. माणसांनीं पेटविलेल्या चुलींची व दिव्यांची काजळी बसली. या सर्वांत भर पडली ती ज्यांनीं हीं चित्रें वांचविण्याची खटपट केली त्यांच्या हातांची, आणि या इतिहासांतील हा भाग विशेष विचार करण्यासारखा आहे.

इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत मद्रास सैन्यांतील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघोरा नदीच्या खोऱ्यांत आला, आणि लेण्यांची वार्ता बाहेरच्या जगास कळली. दहाव्या लेण्यांत एका चित्राच्या अंगावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरली. जगास ज्यानें अजिंठा दाखविला त्याच्याच हातून तेथें पहिला ओरखडा उमटावा, हा विचित्र योगायोग होय. पुढें इ. स. १८४४ मध्यें रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्याकरितां नेमणूक झाली. गिल यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें अजिंठ्यांत घालविलीं; इ. स. १८७९ मध्यें ते वारले व भुसावळ येथें त्यांचें दफन झालें. त्यांच्या मोठमोठ्या नकला लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या, इ. स. १८६६ च्या डिसेंबरांतील आगींत त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी घेऊन इ. स. १८७२ ते १८८५ या काळांत नव्यानें नकला केल्या. छतांवरील चौकटींची नक्कल त्यांनीं विशेष आस्थेनें केली. त्यांच्याही शंभराहून अधिक नकला इ. स. १८८५ मध्यें लंडनमधील साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत नष्ट झाल्या.

नकला जळाल्या तरी मूळ चित्रें होतीं असें कोणी म्हणेल. परंतु नकला करतांना रंग उठून दिसावे म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविलें जाई. ओलें रोगण फिरतांच मळकट चित्र क्षणांत उजळे, आणि चित्रकारास आनंद होई. तेंच रोगण कांहीं वर्षांनीं पिवळें आणि मग तपकिरी पडे. इ. स. १९२० ते १९२२ या दरम्यान निजाम सरकारनें लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोघां इटालियन तज्ज्ञांस बोलाविलें. त्यांनीं सुटत चाललेला पुष्कळसा गिलावा खडकाशीं पुन्हां जखडला; त्यांचें हें उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु चित्रांचें रक्षण व्हावें म्हणून त्यांनींही लाखेचें रोगण वापरलें. कालांतरानें तें काळवंडलें, त्याखालीं जुनी काजळी व मळ कोंडला गेला, आणि तें आकसूं लागतांच कोठें कोठें रंगाचे पोपडेही त्याबरोबर ओढले जाऊं लागले. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं इ. स. १९३० पासून पुढें अजिंठ्यावरील जे चित्रसंग्रह प्रसिद्ध केले, त्यांतील छायाचित्रांवरून त्या काळची स्थिति पुष्कळ अंशीं कळते.

या मंडळींस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांच्या हेतूंत खोट नव्हती व कौशल्यही कमी नव्हतें. त्यांच्याजवळ नव्हती ती आंतील गोष्ट पाहण्याची दृष्टि. रोग कोठें आहे, किती खोल आहे, कोणत्या जातीचा आहे हें न कळतां औषध द्यावें लागलें, आणि औषधच पुढें रोग झालें. निष्णात वैद्य आधीं नाडी पाहतो आणि मग मात्रा देतो. छताची नाडी पाहण्याचें साधन त्या काळीं एकच होतें. जुने गवंडी बोटाच्या पेरानें गिलाव्यावर हलकेच टकटक करीत आणि आवाज ऐकत. भरीव आवाज आला तर गिलावा घट्ट, पोकळ आला तर सुटलेला. ही परीक्षा आजही उपयोगी आहे, परंतु भुसभुशीत झालेल्या चित्रित छतावर टकटक करणें म्हणजेच कधीं कधीं तें पाडणें.

ज्या छतांचा रोग वेळीं ओळखला गेला नाहीं त्यांचें काय होतें याचें एक उदाहरण लंडन शहरांत घडलें. इ. स. १९१३ च्या आधींच्या पिढीनें बांधलेल्या अपोलो नांवाच्या नाट्यगृहाच्या छताचा मोठा भाग १९ डिसेंबर २०१३ रोजीं नाटक चालू असतांना प्रेक्षकांवर कोसळला, आणि सत्तरांहून अधिक माणसें जखमी झालीं. तें छत गिलाव्याचें होतें आणि तें तागाच्या कापडाच्या पट्ट्यांनीं वरच्या लांकडी सांगाड्यास टांगलेलें होतें. वर्षानुवर्षांच्या काळांत त्या पट्ट्या जीर्ण होऊन कमकुवत झाल्या होत्या. खालून पाहणाऱ्यास छत शाबूत दिसत होतें. अजिंठ्याचा खडक आणि लंडनचें नाट्यगृह यांत साम्य थोडें, पण धडा एकच आहे. छताचें दुखणें त्याच्या पाठीमागें असतें, आणि पाहणाऱ्याचा डोळा पुढच्या बाजूस असतो.

पाठीमागचें दिसावें कसें? याचें उत्तर शोधण्यास विज्ञानाचा आरंभ फार जुना आहे. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिषशास्त्रज्ञानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें, तेथें उष्णतामापक ठेवला. पारा चढला. तांबड्यापलीकडच्या या किरणांस अवरक्त किरण म्हणतात. पुढल्याच वर्षीं रिटर या शास्त्रज्ञानें जांभळ्या रंगापलीकडील किरणांचा शोध लावला. त्यांस जंबुपार किरण हें नांव आहे. माणसाच्या डोळ्यास दिसणारा प्रकाश हा एका मोठ्या सप्तकांतील मधले कांहीं स्वर होत, हें यावरून सिद्ध झालें. उरलेल्या स्वरांचा उपयोग आज जुनीं छतें पाहण्यास होतो.

पहिली परीक्षा तर साध्या दिव्याचीच आहे. दिवा समोर न धरतां छताच्या कडेस, जवळजवळ त्याच्याशीं समांतर धरावा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत शेतांतील प्रत्येक ढेंकळाची सावली लांब पडते, तद्वतच अशा प्रकाशांत छतावरील फुगवटा, सुटलेला पोपडा व बारीक भेग आपापली सावली टाकून स्वतःस उघड करतात.

दुसरी परीक्षा अवरक्त छायाचित्रणाची. जुन्या रोगणाचा तपकिरी थर डोळ्यास अडवितो, परंतु अवरक्त किरण त्यांतून बरेचसे पार होतात. काजळानें काढलेली रेषा हे किरण शोषून घेते, म्हणून छायाचित्रांत ती काळी उमटते आणि भोंवतालचें मळभ फिकें पडतें. मात्र कावेची तांबडी रेषा याच किरणांत बहुधा नाहींशी होते, आणि काजळीचा थर फार जाड असला तर किरणच अडतात. या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवून चित्र वाचावें लागतें. जंबुपार किरणांचें काम निराळें. या किरणांखालीं जुनी लाख नारिंगी छटेनें स्वतः प्रकाशूं लागते. अंधारांत असा दिवा लावला म्हणजे रोगण कोठवर चढविलें आहे व कोठें नाहीं याचा नकाशाच समोर येतो. मागील पिढीच्या हातांचे ठसे जणूं पुन्हां उमटतात.

तिसरी परीक्षा उष्णतेची. गिलावा खडकाशीं एकजीव असला तर त्याची उष्णता खडकांत सहज जाते. मधें पोकळी असली तर ती हवा वाकळेप्रमाणें उष्णता अडविते, आणि तेवढा भाग लवकर तापतो व लवकर निवतो. जेथें ओल आहे तेथें पाण्याची वाफ होतांना तो भाग भोंवतालच्यापेक्षां थंड राहतो. हे अंशाच्याही कांहीं भागाइतके सूक्ष्म भेद उष्णताचित्र घेणाऱ्या यंत्रास दिसतात. लेण्यांच्या पोटांतील हवा दिवसभर फारशी बदलत नाहीं, त्यामुळें तेथें हे भेद फार क्षीण असतात. आणि ते वाढविण्यासाठीं छतास ऊब द्यावयाची तर ती अत्यंत बेताची असावी लागते, नाहींतर परीक्षेचाच अपाय व्हावयाचा.

चौथी परीक्षा नभोवाणीच्या श्रोत्यांस जवळची वाटेल. ज्या विद्युल्लहरींवरून भाषण घरोघरीं पोंचतें, त्यांच्याच जातीच्या परंतु पुष्कळ अधिक वेगानें कंप पावणाऱ्या लहरी छताकडे सोडतात. गिलाव्यांतून जातांना जेथें पदार्थ बदलतो, म्हणजे माती संपून पोकळी लागते किंवा पोकळी संपून खडक लागतो, तेथून त्यांचा कांहीं अंश परत फिरतो. त्या परतलेल्या लहरींच्या वेळेवरून थराची जाडी व पोकळीची जागा काढतां येते. याशिवाय छताची सूक्ष्म मोजणी करून त्याची आकृति नोंदून ठेवण्याचीही सोय झाली आहे. आज एक मोजणी केली व कांहीं वर्षांनीं दुसरी केली, तर मधल्या काळांत छत कोठें व किती खालीं आलें हें ताडून पाहतां येतें.

अजिंठ्यांत ही नवी दृष्टि क्रमाक्रमानें आली. इ. स. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनीं प्रखर दिव्यांचा मारा टाळून, अत्यंत मंद प्रकाशांत, चित्रांचीं छायाचित्रें घेतलीं. अंधारांत लपलेले रंग त्यांमुळें प्रथमच अनेकांस दिसले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञानशाखेनें नवव्या व दहाव्या लेण्यांतील काम हातीं घेतलें. हीं लेणीं वाकाटकांच्याही कित्येक शतकें आधींचीं, इसवी सनापूर्वींचीं. तेथील काळ्याठिक्कर पडलेल्या भागांत काजळी व लाख यांखालीं काय उरलें आहे हें पाहण्यास अवरक्त प्रकाशाचें साहाय्य घेण्यांत आलें, आणि मगच ते थर जपून काढण्यांत आले. जेथें कांहींच उरलें नाहीं असें वाटत होतें तेथून भारतांतील बौद्ध चित्रकलेचे अतिप्राचीन नमुने पुन्हां दृष्टीस पडले. आधीं पाहणें आणि मग हात लावणें, हा क्रम लागल्याचें हें फळ होय.

हीं साधनें सर्वज्ञ आहेत असें मात्र समजूं नये. इ. स. २०१६ मध्यें वेरूळच्या गिलाव्याविषयीं एक संशोधन प्रसिद्ध झालें. त्या मातींत भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले असून त्यांमुळें गिलावा कीटकांपासून वांचला असावा, आणि अजिंठ्याच्या गिलाव्यांत ते न आढळल्यामुळें तेथें कीड अधिक लागली असावी, असें अनुमान त्यांत आहे. हें ज्ञान किरणांनीं दूरून मिळालें नाहीं. त्यासाठीं गिलाव्याचे कणच सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावे लागले. म्हणजे कांहीं प्रश्नांना कण द्यावाच लागतो. तो कोठून घ्यावा म्हणजे हानि कमींत कमी होईल, एवढें किरण सांगूं शकतात. शिवाय यंत्र जें देतें तें छायाचित्र असतें, निर्णय नव्हे. गडद डाग म्हणजे ओल कीं जुनी डागडुजी, हें ठरविण्यास ग्रिफिथ्स यांच्या नकला आणि याझदानी यांचे संग्रह शेजारीं उघडून बसावें लागतें. जुन्यांचे श्रम असे नव्या यंत्रांच्या उपयोगीं पडतात.

छत वांचविण्यानें इतिहासाचा काय लाभ, असें कोणी विचारील. त्यास पहिल्या लेण्याचें उदाहरण पुरेसें आहे. तेथील छतावर टोकदार टोप्या घातलेल्या, हातीं पेला धरलेल्या परदेशी पुरुषांचीं लहान चित्रें आहेत. फर्ग्युसन या पंडितानें त्यांत इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याची आकृति पाहिली. हा बादशहा इ. स. ५९० ते ६२८ या काळांतला. तेव्हां तें मत खरें मानलें तर लेणें सातव्या शतकांत जातें. उलट आजचे बहुतेक अभ्यासक तें हरिषेणाच्या काळांतील मानतात, आणि त्या चित्रांत एखादा विशिष्ट बादशहा न पाहतां परदेशी लोकांचें साधें चित्रण पाहतात. लेणें करविणाऱ्याचें नांव सांगणारा शिलालेख तेथें नाहीं. अशा वादांत टोपीचा आकार, वस्त्राची घडी, पेल्याची घडण हेच साक्षीदार असतात. छताचा तो हातभर तुकडा पडला, तर साक्ष न देतांच साक्षीदार गेला असें होईल.

हा विचार केवळ लेण्यांपुरता नाहीं. वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांतून, देवळांतून व मशिदींतून चुन्याच्या गिलाव्याचीं कामें अद्याप उभीं आहेत. त्यांत भेग दिसली कीं घाईनें वर सिमेंट थापण्याची पद्धत पडली आहे. सिमेंटाचा कठीण थर चुन्याच्या अंगांतील ओल बाहेर पडूं देत नाहीं. ती आंतच कोंडते आणि जुना गिलावा अधिकच कुजतो. लाखेच्या रोगणानें अजिंठ्यांत जें केलें, तेंच सिमेंट घरोघरीं करीत आहे. प्रत्येक घरमालकास अवरक्त यंत्र मिळणार नाहीं. पण तिरपा दिवा धरून पाहणें, पावसाळ्यानंतर भेगेची लांबी नोंदून ठेवणें, ओल कोठून येते हें आधीं शोधणें, आणि पुष्कळ पाहून झाल्यावरच हात लावणें, एवढें कोणासही करतां येण्यासारखें आहे.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांत भिक्षु बुद्धभद्राचा एक शिलालेख आहे. कीर्ति जोंवर जगांत राहते तोंवर मनुष्य स्वर्गांत सुख भोगतो, म्हणून डोंगरांत चंद्रसूर्य असेपर्यंत टिकणारें स्मारक करावें, अशा आशयाचा विचार त्यांत आला आहे. डोंगरानें आपला शब्द बहुतांशीं पाळला. परंतु वराहदेवाच्या पिढीनें त्या डोंगराच्या पोटीं मातीचा एक बोटभर थर देऊन त्यावर आपलें सर्वस्व रंगविलें, आणि तो थर चंद्रसूर्यांच्या भरंवशावर टिकणारा नव्हे. तो पुढील पावसाळ्यांत जागेवर राहील कीं नाहीं, हें त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या सावधपणावर अवलंबून आहे.